हर की पौडी ते सोलानी

हरिद्वारला हर की पौडीवर लोखंडी साखळी घट्ट धरून आपण डुबकी मारतो तेव्हा ज्या पाण्यात उतरतो, ते पाणी गंगेचंच असतं, पण निघालेलं असतं कालव्याच्या वाटेने. गंगेचं मोठं पात्र तिथून पूर्वेला नीलधारा या नावाने वाहत राहतं. पश्चिमेचा फाटा घाटाला लागून येतो. वर भीमगोड्याच्या बंधाऱ्यापाशी त्याच्यात पाणी सोडलं जातं, ते पायऱ्यांना घासून मायापूरला पोचतं आणि मायापूरच्या दरवाजांपासून रीतसर कालवा सुरू होतो. दसरा-दिवाळीच्या दरम्यान साफसफाईसाठी हे पाणी काही दिवस बंद करतात. त्या दिवसांत आलेले यात्रेकरू घाटाखालचे उघडे गोटे बघून गोंधळतात आणि तळातली नाणी वेचायला पोरांची झुंबड उडते.

महाराष्ट्रातून हरिद्वारला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अहिल्याबाईंनी बांधवलेला कुशावर्त घाट पाहून आपला ऊर भरून येतो, तो यायलाच हवा. पण नंतर बहुतेकांच्या गाड्या उत्तरेला हृषिकेशकडे वळतात. दक्षिणेला रुरकीपर्यंत साधारण तीस किलोमीटर गंगनहर, म्हणजे हा कालवा, जातो. त्याच्या काठाची पटरी धरून निघालं, तर माणसाने पाण्याशी, डोंगराशी आणि इतर माणसांशी कशी बोलणी करून काम तडीस नेलं, हे टप्प्याटप्प्याने समोर येतं. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय स्थापत्याचे इतके बोलके तीस किलोमीटर दुसरीकडे क्वचितच असतील.

या कालव्याचा जन्म दुष्काळातला. गंगा आणि यमुना यांच्या मधल्या दुआबाचा वरचा भाग १८०३ पर्यंत दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होता. त्या वर्षाअखेर सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी तिथला मुलूख कंपनी सरकारला दिला. पुढे पस्तीस वर्षांच्या आतच, १८३७-३८ मध्ये, पाऊस गेला. विक्रम संवत १८९४ चा हा दुष्काळ. त्यात सुमारे ८ लाख माणसं मेल्याचा अंदाज पुढे मांडला गेला. दोन्ही अंगांना बारमाही नद्या असताना मधली जमीन भेगाळत होती, कारण नद्यांची पात्रं खोल आणि जमीन उंच. विहिरीवर मोटेने जेवढं भिजेल तेवढंच भिजायचं. सरकारला सारा सोडून द्यावा लागला, तिजोरीला मोठी झळ बसली, आणि तेव्हा कुठे गंगेचं पाणी दुआबाच्या पाठीवर चढवता येईल का, हा प्रश्न गंभीरपणे घेतला गेला. माणसांच्या मरणाइतकंच बुडालेल्या सार्‍यानेही हे काम पुढे रेटलं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

हे काम ज्याने अंगावर घेतलं तो प्रोबी कॉटली मुळात तोफखान्यातला अधिकारी. जन्म १८०२ चा, हिंदुस्थानात आला तो वयाच्या सतराव्या वर्षी. यमुनेच्या पूर्व काठावरच्या जुन्या कालव्याच्या दुरुस्तीवर त्याची नेमणूक झाली आणि तो कायमचा पाण्याचा माणूस झाला. बेहट गावाजवळ त्या कालव्याच्या खोदाईत जमिनीखाली गाडलेली एक प्राचीन वस्ती लागली, नाणी निघाली. त्याने ती नीट टिपून कलकत्त्याला कळवली. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख ह्यू फाल्कनर याच्याबरोबर तो शिवालिकच्या टेकड्यांत जीवाश्म शोधत हिंडायचा. जिराफाच्या कुळातल्या, पण अवाढव्य देहाच्या एका नामशेष प्राण्याला या दोघांनी शिवाथेरियम हे नाव दिलं. १८३७ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेने दोघांना मिळून वोलस्टन पदक दिलं. कालव्याच्या गोष्टीत हे आडवळण वाटेल. पण याच शिवालिकमधून उतरणाऱ्या ओढ्यांशी कॉटलीला पुढे झुंजायचं होतं, आणि त्या टेकड्यांची माती, दगड, उतार तो आधीच पायाखाली घालून बसला होता.

१८३६ मध्ये त्याने पहिली चाचपणी केली तेव्हा काम अवघड दिसलं आणि मागे पडलं. दुष्काळानंतर त्याने पुन्हा मोजणी केली. पायी आणि घोड्यावरून सहा महिने फिरून प्रत्येक ठिकाणची पातळी त्याने स्वतः घेतली. १८४१ मध्ये विलायतेहून मंजुरी आली आणि एप्रिल १८४२ मध्ये कनखलजवळ पहिली कुदळ पडली. नेमका तोच काळ काबूलच्या पराभवाचा. नवा गव्हर्नर जनरल एलेनबरो याला या कालव्यात रस नव्हता. शेतापेक्षा नावा चालवण्यासाठी तो असावा, असं त्याचं मत. पैसा आटला, काम रखडलं. पुढे पहिलं शीख युद्ध पेटलं आणि कालव्यावरचे लष्करी इंजिनिअर पंजाबात गेले. १८४७ मध्ये एलेनबरोनंतरचा गव्हर्नर जनरल हार्डिंज याने येऊन काम पाहिलं आणि हात सैल केला. वायव्य प्रांताचा नायब गव्हर्नर जेम्स थॉमसन आधीपासून पाठीशी होताच. तेव्हापासून कामाला खरा वेग आला.

एक अडचण पैशाने सुटणारी नव्हती. हरिद्वारच्या पंड्यांनी सांगितलं की गंगेला बांध घालून अडवाल तर ती बंदिवान होईल. कॉटलीने हा विरोध झिडकारला नाही. बांधात मोकळी फट ठेवून गंगेची धार अखंड वाहू द्यायचं त्याने कबूल केलं, घाटांची डागडुजी करून दिली, आणि बांधाचं काम सुरू झालं ते गणेशपूजनाने. यात राज्यकर्त्याचा धूर्तपणा किती आणि आदर किती, याचा हिशेब आता लागणार नाही. पण दिलेला शब्द महत्त्वाचा ठरला. साठ-सत्तर वर्षांनी भीमगोड्याला पक्का बंधारा बांधायची योजना आली तेव्हा लोकांनी हाच शब्द पुढे केला. मदनमोहन मालवीयांनी आंदोलनाचं नेतृत्व केलं, काही संस्थानिकही सोबत आले, आणि १९१६ मध्ये सरकारला लिखित समझोता करावा लागला: गंगेचा काही प्रवाह न अडता वाहत राहील आणि हर की पौडीला पाणी कमी पडणार नाही. हर की पौडीचं पाणी कागदोपत्री गंगा मानायचं की कालव्याचा भाग, यावरून अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, उत्तराखंड सरकारचा एक आदेश निघाला आणि २०२० मध्ये तो रद्द झाला. हरिद्वारमध्ये ही बाब अजूनही तितकीच नाजूक आहे.

मायापूर सोडलं की पटरीवरचा आवाज बदलतो. बाजार मागे पडतो, उजवीकडे शिवालिकची निळसर रेघ दिसत राहते. ती रेघ दिसायला शांत आहे, पण कॉटलीचं सगळं कसब तिनेच पणाला लावलं. तिथून उतरणारे ओढे आठ महिने कोरडे असतात. स्थानिक लोक त्यांना 'रौ' म्हणतात. पावसाळ्यात मात्र एका रात्रीत वाळू, गोटे, झाडं घेऊन ते असे येतात की समोर काही टिकत नाही. कालवा उत्तर-दक्षिण जाणारा आणि हे ओढे त्याला आडवे. सुरुवातीच्या तीस किलोमीटरमध्ये असे चार मोठे प्रवाह ओलांडायचे होते.

रानीपूर आणि पथरी या दोन ठिकाणी ओढ्याचं पात्र कालव्यापेक्षा उंच आहे. तिथे कालवा खालून नेला आणि त्याच्यावर विटांची रुंद पन्हळ बांधून ओढा वरून जाऊ दिला. रानीपूरची पन्हळ सुमारे २०० फूट रुंद, पथरीची ३०० फूट. उन्हाळ्यात गेलात तर वर नुसती वाळू आणि खाली भरून वाहणारा हिरवट निळा कालवा, असं उलटं दृश्य दिसतं. पावसाळ्यात वर लाल गढूळ लोंढा धडधडत जातो आणि खालच्या पाण्याला त्याची गंधवार्ता नसते. दोन प्रवाह एकमेकांना शिवल्याशिवाय ओलांडतात. पुढे धनौरीला रतमऊ नावाचा ओढा कालव्याच्या अगदी समपातळीवर येतो. त्याला वरून जाऊ देता येईना, खालूनही नाही. मग त्याला सरळ कालव्यातच उतरू दिला आणि समोरच्या काठाला दरवाजांचा बंधारा घातला. पूर आला की दरवाजे उघडायचे, ओढ्याचं पाणी कालवा आडवा कापून पलीकडे निघून जातं. हे काम यंत्रावर सोडून चालत नाही. माणूस जागा लागतो, वरच्या चौकीचा निरोप वेळेवर लागतो. पावसाळ्याच्या किती रात्री तिथल्या बेलदारांनी आणि चौकीदारांनी पाण्याकडे डोळे लावून काढल्या असतील, याची नोंद कुठल्या अहवालात सापडायची नाही.

धनौरीच्या पुढे कलियर लागतं. बाबा फरीदांचे शिष्य अलाउद्दीन साबिर यांचा दर्गा, चिश्ती परंपरेतलं मोठं ठाणं. पिरान कलियरच्या उरुसाला लांबून लोक येतात, त्यात हिंदू भाविकही पुष्कळ असतात. दर्गा तेराव्या शतकातल्या संताचा, कालवा एकोणिसाव्या शतकातला. पण आज कलियर आठवताना कुणीही काठावरचं पाणी वगळून आठवत नाही. श्रावणात याच कालव्याची पटरी कावड घेऊन निघालेल्यांनी भगवी होते. हरिद्वारचं पाणी खांद्यावर घेऊन ते कालव्याच्या पाण्याबरोबर दक्षिणेकडे चालत असतात.

आणि मग रुरकी, सोलानी नदी. इथे जमिनीचा हिशेब उलटा झाला. सोलानीचं खोरं कालव्याच्या पातळीपेक्षा बरंच खाली, आणि रुंदी जवळपास चार किलोमीटर. कालवा खाली उतरवला असता तर पुढे दुआबाच्या उंच जमिनीवर त्याला परत चढवता आला नसता. म्हणून अख्खं खोरं मातीच्या भरावाने ओलांडायचं आणि प्रत्यक्ष नदीवर विटांचा जलसेतू बांधायचा, असं ठरलं. सेतूची लांबी ९२० फूट, खाली ५० फुटी गाळ्याच्या १५ कमानी, वर मध्ये भिंत घालून केलेल्या ८५ फूट रुंदीच्या दोन पन्हळी. अशा दोन पन्हळींतून एक आख्खी नदी दुसऱ्या नदीच्या डोक्यावरून न्यायची. या देशात तोवर एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे कुणी केलेलं नव्हतं.

जवळपास बांधकामाचा दगड नाही. सगळं विटेत. विटांसाठी माती, भट्टीसाठी लाकूड, सांध्यासाठी चुना आणि सुरखी, सगळं तिथेच उभं करावं लागलं. मला सर्वांत मोलाची वाटते ती पायाची हकीकत. सोलानीच्या वाळूत पाया घ्यायचा कसा? उत्तर या देशातल्या विहिरी बांधणाऱ्यांकडे होतं. विहिरीचं गोल बांधकाम जमिनीवर रचायचं, आतली माती काढत जायची, म्हणजे ते आपल्या वजनाने खाली खाली बसत जातं. हीच रीत कॉटलीने उचलली. प्रत्येक बाजू २० फुटांची अशी विटांची चौकोनी ठोकळी, त्यात चार-चार विहिरी ठेवलेल्या, एकेक करून नदीच्या तळात उतरवली आणि त्यावर खांब उभे केले. ही पद्धत इथल्या लोकांची आहे असं त्या वेळच्या अधिकृत वृत्तान्तातच नोंदलेलं आहे. जलसेतू अजून उभा आहे, तो या अनाम विहीरवाल्यांच्या विद्येवर.

भरावासाठी लागणारी माती बेसुमार होती. सुरुवातीला रुळांवरचे डबे माणसं आणि घोडी ओढत. मग विलायतेहून वाफेचं इंजिन मागवलं आणि २२ डिसेंबर १८५१ रोजी ते रुरकी आणि कलियरच्या दरम्यान मातीचे डबे ओढू लागलं. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ ला. आपला मान अबाधित आहे, कारण प्रवासी घेऊन रीतसर धावलेली पहिली गाडी आपलीच. पण त्याच्या सोळा महिने आधी शिवालिकच्या पायथ्याला इंजिनाची शिट्टी वाजत होती आणि डब्यांत होती कालव्याची माती, हेही मराठी वाचकाला ठाऊक हवं. काही महिन्यांतच त्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि त्याचं आयुष्य संपलं. रुरकी स्थानकाबाहेर त्याची प्रतिकृती ठेवलेली आहे.

एवढ्या कामाला माणसं आणायची कुठून? विलायतेहून इंजिनिअर आणणं महाग, आणि आलेले शीख युद्धांत निघून जात. म्हणून थॉमसनने १८४७ मध्ये रुरकीला इंजिनिअरिंगचं कॉलेज काढलं, त्यात देशी विद्यार्थ्यांनाही शिकवायचं ठरलं. १८५३ मध्ये थॉमसन वारला आणि पुढच्या वर्षी कॉलेजला त्याचं नाव मिळालं. १९४९ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं, २००१ मध्ये आयआयटी. पुण्या-मुंबईची मुलं आज प्रवेश परीक्षेची गुणवत्ता यादी बघून तिथे जातात, त्या संस्थेचं मूळ कालव्यात आहे. मुलांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांनी स्टेशनवरूनच परत न फिरता सोलानीपर्यंत जरूर जावं.

८ एप्रिल १८५४ रोजी रुरकीला कालव्याचं उद्‌घाटन झालं. नायब गव्हर्नर जॉन रसेल कॉल्विन हजर होता. त्या प्रसंगी कालव्याची माहिती देणारी पुस्तिका इंग्रजीबरोबर हिंदी आणि उर्दूतही छापली होती. मुख्य कालवा ३४८ मैल, शाखा ३०६ मैल. अलीगढजवळ नानूला त्याचे दोन फाटे होतात, एक कानपूरला जातो आणि एक इटाव्याला. कॉटली त्याच वर्षी विलायतेला परतला. जलसेतूच्या टोकांना काठावर बसवलेले सिंह त्याच काळातले. रुरकीचं चित्र काढायचं म्हटलं की अजूनही आधी तेच काढलं जातं.

पुढची गोष्ट केवळ कौतुकाची नाही. कालव्याला दिलेला उतार जास्त ठरला. पाणी वेगाने धावून तळ खरवडू लागलं, ठिकठिकाणच्या धबधब्यांची, म्हणजे तिथल्या बोलीत 'झाल'ची, बांधकामं उखडली. दक्षिणेत गोदावरीवर नाव कमावलेल्या आर्थर कॉटनने कॉटलीवर जाहीर टीका केली, दोघांत १८६० च्या दशकात कडवट वाद रंगला. उताराबाबत कॉटनचं म्हणणं बरोबर होतं, पण कालव्याचं मुख हरिद्वारहून हलवून खाली न्यावं ही त्याची सूचना मान्य झाली नाही. क्रॉफ्टन नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली दुरुस्त्या झाल्या. उतरणीच्या त्याच पाण्यावर पुढे १९२०-३० च्या दशकांत भोला, सलावा, पालरा अशा ठिकाणी वीज केंद्रं उभी राहिली आणि दुआबाच्या गावांत दिवे लागले.

पाण्याच्या जास्तीने दुसरंही दुखणं आणलं. सखल भागांत निचरा अडला, जमिनीवर पांढरा 'रेह' फुटला, ताप पसरला. याची धास्ती आधीपासून होती. यमुनेच्या कालव्यांच्या काठच्या गावांत ताप का जास्त, हे शोधायला १८४५ ते १८४७ दरम्यान एक समिती नेमली होती. त्यातला डॉक्टर डेम्पस्टर गावोगाव मुलांची पोटं चाचपून वाढलेली पानथरी मोजत हिंडला. हिवतापाचा अंदाज घेण्याची ही रीत पुढे जगभर वापरली गेली. समितीच्या निष्कर्षानंतरही गंगनहर खोदला गेला, आणि निचऱ्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. ऊस, गहू, कापूस यांनी दुआब श्रीमंत झाला हे खरं, आणि त्याच दुआबात काही शेतं पांढरी पडली हेही खरं. नीरा आणि प्रवरेच्या काठावर क्षारपड जमिनी पाहिलेल्या मराठी शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता पाहणाऱ्याला काय दिसतं, ते सांगतो. रानीपूर, पथरी, धनौरी, सोलानी: वरून, वरून, समपातळीवर, खालून. आडव्या पाण्याला वाट देण्याचे तीन प्रकार, एका दुपारी, एकाच पटरीवर. जगात कुठेही अशी चार बांधकामं इतक्या जवळ असती तर तिथे फलक लागले असते, शाळांच्या सहली आल्या असत्या. इथे पथरीच्या पन्हळीवरून ट्रॅक्टर जातात, कमानींच्या सावलीत म्हशी बसतात, आणि कुणाला काही विचारलं तर लोक आपुलकीने हरिद्वारचा रस्ता दाखवतात. कालवा वापरात आहे ही चांगलीच गोष्ट आहे. १८५४ मध्ये ६,७५० क्युसेकसाठी केलेला हा मार्ग आज वाढवून १०,५०० क्युसेकपर्यंत नेला आहे. पण वापरातली वास्तूही वारसा असते. कालवा सांभाळणाऱ्या पाटबंधारे खात्याने आणि रुरकीच्या संस्थेने मिळून एवढं करावं: चारही ठिकाणी हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत माहितीचे फलक लावावेत, आणि सोलानीच्या फलकावर कॉटलीच्या नावाखाली विहिरी उतरवणाऱ्या कारागिरांचा उल्लेख करावा. त्यांची नावं मिळणार नाहीत, पण त्यांनी काय केलं ते लिहिता येईल. मराठी यात्रेकरूंनीही हरिद्वारच्या मुक्कामात एक दिवस या वाटेला द्यावा. शक्यतो दसऱ्यानंतर, पाणी बंद असताना जावं, म्हणजे पन्हळींचा तळ आणि दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या विटा उघड्या पाहायला मिळतात.